कागद कुणाच्या भाषेत? मॉन्ट्रियल शहराची गोष्ट

गटाच्या बैठकीत आपण दर महिन्याला सह्या करतो. ठरावावर, कर्जाच्या अर्जावर, बँकेच्या कागदावर. सही करायच्या आधी "काय लिहिलंय ते वाचून दाखवा की" असं म्हणणारी एखादी तरी बाई प्रत्येक गटात असते. ती असते म्हणून गट टिकतात. आज मी ज्या शहराचा इतिहास सांगणार आहे, तो याच वाक्याभोवती फिरतो. कागद कुणाच्या भाषेत आहे, आणि तो समजून घ्यायचा हक्क कुणाचा?

हे शहर आहे मॉन्ट्रियल. अमेरिकेच्या वरच्या अंगाला कॅनडा देश आहे. कॅनडात बहुतेक ठिकाणी इंग्रजी चालते, पण क्यूबेक नावाच्या प्रांतात राज्यकारभाराची आणि बहुसंख्य लोकांची भाषा फ्रेंच आहे. मॉन्ट्रियल हे त्या प्रांतातलं सगळ्यांत मोठं शहर, सेंट लॉरेन्स नदीतल्या एका बेटावर वसलेलं. शहरात पार्क एक्स्टेन्शन नावाची एक वस्ती आहे. जागा चारशे एकरांच्या आसपास, आणि त्यात सुमारे तीस हजार माणसं राहतात. पंजाबी, बांगला, गुजराती, तमिळ, उर्दू, ग्रीक, हैती देशातली क्रिओल अशा कितीतरी भाषा तिथल्या जिन्यांवर आणि दुकानांत ऐकू येतात.

या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला घरमालकाचं पत्र येतं. पुढच्या वर्षी भाडं वाढणार, असं त्यात लिहिलेलं असतं. तिथला कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. वाढ मान्य नाही असं कळवून तिला त्याच घरात राहता येतं. मग वाढ कितपत योग्य ते ठरवून घ्यायला मालकालाच भाड्याच्या न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. पण हे कळवायची मुदत एक महिन्याची. महिन्याभरात उत्तर गेलं नाही तर वाढ मान्य आहे असं धरलं जातं. आणि ज्या भाषेत भाडेकरार झाला त्याच भाषेत हे पत्र येतं. ती भाषा बहुधा फ्रेंच. बाईला फ्रेंच येत नसेल, तर पत्र कपाटावर पडून राहतं आणि तिचं गप्प राहणं हाच तिचा होकार ठरतो.

हे ऐकल्यावर आपल्या मनात पहिल्यांदा येतं की हा अन्याय आहे, सरकारने सगळ्या भाषांत पत्रं द्यावीत. पण तिथे फ्रेंचचा हा आग्रह आला कुठून, ते पाहिलं की गोष्ट इतकी सरळ राहत नाही. एकेकाळी त्याच शहरात फ्रेंच बोलणाऱ्या बाईलाही न समजणाऱ्या भाषेतला कागद मिळत होता. म्हणून आधी तिची गोष्ट ऐकू.

फ्रान्समधून आलेल्या लोकांनी १६०८ साली क्यूबेक हे गाव वसवलं आणि १६४२ साली मॉन्ट्रियल. मॉन्ट्रियल वसवणाऱ्यांत जान मान्स नावाची एक बाई होती. शहरातलं पहिलं रुग्णालय तिने उभं केलं. ही जमीन मात्र रिकामी नव्हती. मूळ रहिवाशांचा तिथे पिढ्यान् पिढ्या वावर होता. त्यांच्याकडे आपण पुढे परत येऊ.

पुढे इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात लढाया झाल्या. १७५९ साली क्यूबेक पडलं, १७६० साली मॉन्ट्रियल, आणि १७६३ च्या तहात फ्रान्सने हा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. राजा गेला, अधिकारी गेले, पण शेतकरी कुठे जाणार? ते राहिले. १७७४ साली इंग्रज सरकारने त्यांना त्यांचा धर्म आणि त्यांचा दिवाणी कायदा ठेवू दिला. फ्रेंच भाषा टिकली ती खेड्यापाड्यांत, चर्चमध्ये आणि घरात. बायकांना दहा-दहा, बारा-बारा मुलं होत. समाज टिकवायचा तर मुलं होऊ द्या, असं धर्मगुरू सांगत. भाषेचं ओझं असं बायकांच्या अंगावरून वाहून नेलं गेलं.

एकोणिसाव्या शतकात कारखाने आले, तशी खेड्यातली माणसं मॉन्ट्रियलला आली. शहरात फ्रेंच बोलणारे जास्त होते, पण बँका, रेल्वे आणि मोठे कारखाने इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात. मुकादम फ्रेंच असला तरी साहेब इंग्रज. मोठ्या दुकानांत फ्रेंच बाईला आपल्याच शहरात इंग्रजीत वस्तू मागावी लागे. चारचौघांत फ्रेंच बोललं तर "स्पीक व्हाइट" असं ऐकवलं जाई. म्हणजे, गोऱ्यांची भाषा बोल. वास्तविक फ्रेंच लोकही कातडीने गोरेच. पण अपमान करणाऱ्याला रंगाशी देणंघेणं नसतं, समोरच्याला खालचा दाखवण्याशी असतं. मिशेल लालाँद या कवयित्रीने १९६८ साली याच दोन शब्दांचं नाव देऊन कविता लिहिली, आणि ती त्या काळातल्या चळवळीचा आवाज बनली.

१९६० नंतरच्या दशकात केंद्र सरकारच्या एका आयोगाने कमाईचा अभ्यास केला. १९६१ च्या आकड्यांवरून क्यूबेकमधल्या चौदा समाजगटांच्या पुरुषांची सरासरी कमाई मांडली. आपल्याच प्रांतात, संख्येने सगळ्यांत जास्त असलेले फ्रेंच त्यात बाराव्या नंबरला निघाले. त्यांच्या खाली दोनच गट होते. एक इटलीहून आलेले लोक आणि दुसरे मूळ रहिवासी. ही तीन नावं लक्षात ठेवा मैत्रिणींनो. पुढचं भांडण याच तळातल्या लोकांमध्ये लागलं.

भांडणाआधी एकोप्याचीही एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॉन्ट्रियल हे शिवणकामाचं मोठं केंद्र होतं. बायकांचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यांत फ्रेंच मुली होत्या, तशा पोलंड-रशियाकडून आलेल्या यहुदी मुलीही होत्या. यहुदी मुली घरात यिडिश बोलत. दिवस लांब, मजुरी थोडी, आणि मुकादमाची मर्जी सांभाळावी लागे. दोघींची भाषा वेगळी, धर्म वेगळा, म्हणून मालकांना त्यांना एकमेकींविरुद्ध ठेवणं सोपं जाई. परक्यांच्या संघटनेत जाऊ नका, असं फ्रेंच मुलींना चर्चमधूनही सांगितलं जाई.

त्यांना एकत्र आणणाऱ्यांत लेआ रोबॅक ही एक बाई होती. तिचा जन्म १९०३ चा, घर यहुदी. बालपण एका फ्रेंच खेड्यात गेलं, तिथे वडिलांचं दुकान होतं. त्यामुळे घरात यिडिश, गल्लीत फ्रेंच आणि त्यावर इंग्रजी, अशा तिन्ही भाषा तिला तोंडपाठ. १९३७ च्या एप्रिलमध्ये सुमारे पाच हजार शिवणकामगार बायकांनी संप केला. तो तीन आठवडे चालला आणि बायका जिंकल्या. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले, संघटनेला मान्यता मिळाली. लेआकडे पैसा नव्हता. तिच्याकडे होती ती समोरच्या बाईशी तिच्या भाषेत बोलण्याची ताकद. कोणत्याही एका भाषेचा कायदा झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे.

आता त्या काळातल्या फ्रेंच बाईच्या कागदाकडे वळू. क्यूबेकमध्ये बायकांना प्रांताच्या निवडणुकीत मत मिळालं १९४० साली. त्यासाठी तेरेज काग्रँ आणि त्यांच्या सोबतिणी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवत होत्या. तरी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय करार करता येत नव्हता. १९६१ साली मारी-क्लेर कर्कलँड या क्यूबेकच्या विधानसभेवर निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. अधिवेशनासाठी त्यांना राजधानीत घर भाड्याने घ्यायचं होतं, तर भाडेकरारावर नवऱ्याची सही लागली. कायदे करणारी बाई, पण स्वतःच्या सहीला किंमत नाही! १९६४ साली त्यांनीच कायदा आणला आणि विवाहित बाईची सही ग्राह्य धरली जाऊ लागली. म्हणजे कागद आपल्या भाषेत असणं ही पुढची गोष्ट. त्याआधी त्यावर सही करायचा हक्कच नव्हता, आणि तोही मागूनच घ्यावा लागला.

साठच्या दशकात क्यूबेक झपाट्याने बदललं. शाळा आणि रुग्णालयं चर्चच्या हातून सरकारच्या हातात आली, वीज प्रांताच्या मालकीची झाली. शिकलेली तरुण पिढी म्हणू लागली की आम्ही बहुसंख्य आहोत, तर आमच्या भाषेत नोकरी का नाही? त्यात एक नवी काळजी वाढली. बायकांना आता पूर्वीसारखी दहा-बारा मुलं होत नव्हती, आणि बाहेरून येणारे लोक आपली मुलं इंग्रजी शाळेत घालत होते. असंच चाललं तर दोन पिढ्यांत मॉन्ट्रियल इंग्रजी होईल, अशी भीती होती.

ठिणगी पडली सां-लेओनार या भागात. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे शेती होती. मग घरं झाली आणि इटलीहून आलेली कष्टकरी कुटुंबं तिथे राहायला आली. गवंडीकाम, कारखान्यात काम, शिलाईकाम करणारे हे लोक. त्यांची मुलं इंग्रजी-फ्रेंच अशा दोन्ही भाषांच्या वर्गात शिकत होती. १९६८ साली शाळा मंडळाने ठरवलं की पहिलीत येणाऱ्या मुलांना यापुढे फक्त फ्रेंचमध्येच शिकवायचं. इटालियन आईबाप चिडले. काहींनी घराच्या तळघरात वर्ग भरवले. इंग्रजी आली तर मुलाला सगळ्या कॅनडात काम मिळेल, एवढंच त्यांचं म्हणणं. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजू रस्त्यावर समोरासमोर आल्या, मारामारी झाली, काचा फुटल्या.

आता ती कमाईची यादी आठवा. बाराव्या नंबरचे लोक आणि त्यांच्याही खालचे लोक एकमेकांच्या अंगावर गेले होते. ज्यांच्यामुळे फ्रेंच माणसाला वरची नोकरी मिळत नव्हती, ते साहेब लोक सां-लेओनारमध्ये राहत नव्हते. तरी फ्रेंच लोकांची भीती खोटी नव्हती आणि इटालियन आईची इच्छाही चुकीची नव्हती. लेकराला पोटापाण्याची भाषा यावी असं कोणत्या आईला वाटत नाही? शहरात पोट भरायची भाषा इंग्रजी होती, हे मूळ दुखणं.

सरकारने आधी मलमपट्ट्या केल्या. १९६९ साली कायदा करून शाळेची भाषा निवडायची मोकळीक आईबापांना दिली. त्यावर फ्रेंच लोक संतापले. १९७४ साली दुसरा कायदा आला. फ्रेंच ही प्रांताची एकमेव अधिकृत भाषा झाली, आणि इंग्रजी शाळेत जाऊ पाहणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलांची इंग्रजीची परीक्षा घेऊ लागले. चिमुरडी पोरं परीक्षेला बसताना पाहून सगळेच नाराज झाले.

१९७६ साली रेने लेवेक यांचा पक्ष निवडून आला. भाषेचं काम त्यांनी कामीय लोरँ या मंत्र्यांवर सोपवलं. ते पेशाने मनोविकारतज्ज्ञ. समाजाच्या मनाला बसलेला कमीपणा काढायचा आहे, अशा नजरेने त्यांनी कायद्याकडे पाहिलं. २६ ऑगस्ट १९७७ ला तो कायदा मंजूर झाला. तिथे त्याला नुसतं '१०१ नंबरचा कायदा' म्हणतात, आणि पोराटोरांनाही तो माहीत असतो.

या कायद्याची सुरुवात बंदीने होत नाही, हक्कांनी होते. सरकारी कचेरीने आणि रुग्णालयाने माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलावं, हा माझा हक्क. फ्रेंचमध्ये काम करायचा हक्क कामगाराचा. फ्रेंचमध्ये माहिती मिळायचा हक्क गिऱ्हाइकाचा. फ्रेंचमध्ये शिकायचा हक्क मुलाचा. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना कामकाज फ्रेंचमध्ये आणावं लागलं. पाट्या फ्रेंचमध्ये झाल्या. इंग्रजी शाळेत फक्त अशाच मुलाला जाता येणार, ज्याच्या आईचं किंवा वडिलांचं प्राथमिक शिक्षण क्यूबेकमध्ये इंग्रजीत झालं आहे. पुढे ही अट सैल होऊन क्यूबेकऐवजी सगळा कॅनडा धरला गेला. बाहेरच्या देशातून आलेल्यांची मुलं मात्र फ्रेंच शाळेत.

आपल्याकडे १९६० साली भाषेच्या पायावर राज्य झालं आणि पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ हा कायदा आला. त्यामुळे या मागणीमागची भावना आपल्याला परकी वाटायला नको. कचेरीत आपली भाषा चालावी असं ज्याला वाटतं, त्याला १०१ नंबरचा कायदा करणाऱ्यांचं मन कळेल.

कायद्याने खूप काही बदललं. काही बड्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. सन लाइफ या विमा कंपनीने १९७८ साली आपलं मुख्य कार्यालय टोरांटोला नेत असल्याचं जाहीर केलं. इंग्रजी बोलणारे बरेच लोक शहर सोडून गेले. पण दुकानात, कारखान्यात आणि साहेबाच्या खुर्चीत फ्रेंच आली. पाट्यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. १९८८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इतर भाषांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. शेवटी १९९३ साली तोडगा निघाला. पाटीवर इतर भाषा चालतील, पण फ्रेंच ठळकपणे मोठी दिसली पाहिजे. शाळांमधला बदल तर सगळ्यांत मोठा. कायद्याआधी घरात तिसरीच भाषा बोलणाऱ्या दहा मुलांपैकी जेमतेम दोन फ्रेंच शाळेत जात. आता दहातली जवळजवळ नऊ जातात. या मुलांना तिथे '१०१ ची लेकरं' म्हणतात. घरची भाषा, शाळेची फ्रेंच आणि मैदानावरची इंग्रजी, अशा तीन भाषा ती सहज बोलतात.

आणि मूळ रहिवासी? मॉन्ट्रियलच्या समोर, नदीपलीकडे कानावागे ही मोहॉक लोकांची वस्ती आहे. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा त्यांच्यासाठी जहाजातून आलेल्या. आपल्या मुलांनी काय शिकायचं ते या कायद्याने का ठरवावं, असं म्हणून त्यांची मुलं शाळेतून बाहेर पडली, आणि १९७८ साली लोकांनी स्वतःचं माध्यमिक विद्यालय काढलं. त्याचं नाव 'सर्व्हायव्हल स्कूल'. टिकून राहण्याची शाळा. दुबळ्याची भाषा राजभाषा झाली की तिच्या सावलीत कोण येतं, हेही बघावं लागतं.

आता आपण पुन्हा पार्क एक्स्टेन्शनमध्ये येऊ. वस्तीच्या दोन बाजूंना रेल्वेचे रूळ आहेत, एका बाजूला मोठा महामार्ग, आणि चौथ्या बाजूला एक रस्ता. त्या रस्त्यापलीकडे श्रीमंतांची टुमदार वसाहत आहे. मध्ये जाळीचं कुंपण आहे, १९६० साली उभारलेलं. नवा माणूस शहरात आला की स्वस्त घर शोधत इथे येतो. साठ-सत्तरच्या दशकात ग्रीक कुटुंबं आली, ऐंशीनंतर भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतली माणसं येत गेली. गुरुद्वारा, मशीद, मंदिर, ग्रीक चर्च, मिठाईची दुकानं हे सगळं त्या चारशे एकरांत आहे. पाट्यांवर मोठ्या अक्षरांत फ्रेंच आणि खाली बारीक अक्षरांत गुरुमुखी किंवा बांगला.

वस्तीच्या जवळच शाबानेल नावाचा रस्ता कपड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होता. तिथे आणि घरच्या घरी शिलाईचं काम मिळे. आधी इटालियन, ग्रीक आणि पोर्तुगीज बायका, मग हैतीच्या, मग आपल्याकडच्या. घरी आणून दिलेले कापलेले तुकडे जोडायचे, नगावर मजुरी घ्यायची, मूल पायाशी खेळवायचं. शिलाई मशीनला भाषा लागत नाही. वर्षं निघून जातात, आणि बाईला भाजीवाल्याशी बोलण्यापुरती फ्रेंचही येत नाही. नंतर परदेशातून स्वस्त कपडे यायला लागले आणि हे कामही आटलं. मग दुसरीकडे नोकरी मागायला गेल्यावर पहिला प्रश्न येतो, फ्रेंच येते का?

१०१ नंबरच्या कायद्याने फ्रेंचमध्ये काम करायचा हक्क दिला होता. पण तो पन्नासच्या वरच्या कंपन्यांत नीट पोहोचला. दहा-पंधरा बायकांच्या शिलाईखोलीत आणि घरातल्या मशीनपाशी कोण जाणार? सरकारने फ्रेंच शिकवायचे वर्गही काढले होते. पण बरीच वर्षं केंद्र सरकारचा पूर्णवेळ वर्ग आणि शिकताना मिळणारा भत्ता नोकरीसाठी आलेल्या माणसासाठी असे. नवऱ्याच्या आधाराने आलेली बाई 'अवलंबून असणारी' म्हणून नोंदवलेली. तिला नोकरी कुठे करायची आहे, असं धरून तिला त्यातून वगळलं जाई. बाई कारखान्यात राबत होती, पण कागदावर ती घरी बसलेली होती. हे वाक्य आपल्या सातबाऱ्यालाही लागू पडतं की नाही, ते तुम्हीच सांगा.

शाळेतून फ्रेंच शिकून आलेली आठ-दहा वर्षांची लेक मग आईची दुभाषी होते. बँकेत तीच, घरमालकापुढे तीच, डॉक्टरपुढेही तीच. आईचं दुखणं, कधीकधी घरातली मारहाण, हे एका लेकराने परक्या माणसाला परक्या भाषेत सांगायचं. म्हणूनच बायकांनी आपल्या संस्था उभ्या केल्या. दक्षिण आशियातल्या बायकांसाठीचं एक केंद्र मॉन्ट्रियलमध्ये १९८१ साली सुरू झालं. आपल्या भाषेत सल्ला द्यायचा, सोबत कचेरीत जायचं, फ्रेंचचे वर्ग घ्यायचे, अडचणीतल्या बाईला आधार द्यायचा, हे त्यांचं काम. पार्क एक्स्टेन्शनमध्ये भाडेकरूंसाठी १९८६ पासून एक समिती काम करते. घरमालकाचं पत्र घेऊन बाई तिथे गेली की ते वाचून दाखवतात आणि महिन्याच्या आत उत्तर लिहायला मदत करतात. २०१९ साली वस्तीला लागून विद्यापीठाचं मोठं नवं संकुल सुरू झालं आणि घरांना मागणी वाढली. तेव्हापासून हे पत्रवाचन फार महत्त्वाचं झालं आहे. तिथे बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात आणि १ जुलैला सगळं शहर सामान हलवत असतं. वेळेवर उत्तर न दिलेल्या बाईचा संसारही कधी त्या गर्दीत रस्त्यावर दिसतो.

२०२० साली करोना आला. वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं मिळेनात. तेव्हा अशाच वस्त्यांमधल्या स्थलांतरित बायका कामावर जात राहिल्या, आणि खुद्द प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी आरोग्यसेवेतल्या माणसांना 'रक्षक देवदूत' म्हटलं. त्यातल्या कित्येकींकडे देशात कायम राहायचा परवानाही नव्हता.

त्यानंतर दोनच वर्षांत, २०२२ साली, ९६ नंबरचा नवा कायदा झाला. त्यानुसार नव्याने आलेल्या माणसाशी सरकार सहा महिन्यांनंतर फक्त फ्रेंचमध्ये व्यवहार करणार. आरोग्य, सुरक्षा, न्याय अशा काही बाबी अपवाद. सहा महिने म्हणजे किती, याचा विचार करा. लहान मूल कडेवर, दोन पाळ्यांचं काम आणि अनोळखी लिपी. दुसऱ्या बाजूने, फ्रेंच शिकवण्यासाठी एकच सरकारी खिडकी २०२३ च्या जूनमध्ये उघडली, हे चांगलं झालं. पण २०२४ मध्ये पैसे पुरेनात म्हणून प्रांतात अनेक ठिकाणी प्रौढांचे फ्रेंचचे वर्ग बंद पडले. शिकायला तयार बसलेली माणसं घरी परत गेली. जी मुलगी फ्रेंचमध्येच शिकून मोठी झाली, तिलाही सगळी दारं उघडी नाहीत. २०१९ च्या एका कायद्याने सरकारी शाळेत नव्याने शिक्षिका होणाऱ्या बाईला डोक्याला हिजाब बांधून शिकवायला मनाई केली.

मैत्रिणींनो, या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसते. फ्रेंच लोकांचा लढा खरा होता. आपल्या गावात आपल्या भाषेत मान मिळावा, ही साधी मागणी होती आणि ती मिळवायला त्यांना दोनशे वर्षं लागली. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच मागितलं असतं. पण एखादी भाषा सगळ्यांनी शिकावी असं म्हणणाऱ्यावर ती शिकवायची जबाबदारीही येते. नुसता कायदा केल्याने भाषा येत नाही. वर्ग लागतो, वर्गाची वेळ बाईच्या सोयीची लागते, बाजूच्या खोलीत मूल सांभाळणारं कुणी लागतं, बुडलेल्या मजुरीची भरपाई लागते. हे दिलं तर भाषा दोघांची होते. दिलं नाही तर काल ज्यांना "गोऱ्यांची भाषा बोल" असं ऐकावं लागलं, त्यांच्याच कचेरीत आज दुसरी बाई मान खाली घालून उभी राहते.

आपल्या गावातही अशी बाई आहे. वीटभट्टीवर परराज्यातून आलेली, किंवा कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या घरातून सून म्हणून आलेली. अंगणवाडीत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत ती गप्प असते. पुढच्या बैठकीत एवढ्या तीन गोष्टी बोला. आपल्या गटात किंवा वस्तीत मराठी नीट न समजणाऱ्या किती जणी आहेत? त्यांनी सही किंवा अंगठा दिलेला शेवटचा कागद त्यांना कुणी समजावून सांगितला होता का? आणि ते काम दर महिन्याला करायला गटातली कोण तयार आहे? जी तयार होईल तिचं नाव त्याच दिवशी ठरावात लिहून घ्या, आणि ठराव सगळ्यांना वाचून दाखवा.